भिंतीवरचा टीव्ही आणि आवाजाच्या तारा



गेल्या काही वर्षांत टीव्ही टेबलावरून उठला आणि भिंतीवर जाऊन बसला. शहरात तर बसलाच, पण खेड्यापाड्यांतही बसला. कित्येक शाळांनी लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेऊन वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. चित्र मोठे, रंग सुरेख, जागाही अडत नाही. पण चार दिवस गेले की एक तक्रार हमखास कानावर येते. चित्र दिसते, पण बोलणे कळत नाही. आजी म्हणते, "अरे, हा मनुष्य पुटपुटतो काय?" वर्गात मागच्या रांगेतली मुले चित्राकडे पाहत राहतात आणि धडा मात्र पुढच्या तीन रांगांपुरताच राहतो. आवाज वाढवावा, तर संगीताने कान किटतात आणि बोलणे आहे तिथेच!

मग कोणीतरी सुचवतो की, होम थिएटर जोडा. ते आणले जाते आणि इथून खरी पंचाईत सुरू होते. टीव्ही वर भिंतीला, यंत्र खाली कपाटात, आणि मध्ये तारांचे जाळे. कोणी तारा तशाच लोंबत्या सोडतो. कोणी विजेची तार आणि आवाजाची तार एकाच नळीत कोंबतो. कोणी स्पीकरमधली गुणगुण थांबावी म्हणून प्लगची मोठी पिन काढून टाकतो. यातली पहिली गोष्ट गैरसोयीची आहे, बाकीच्या दोन मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. म्हणून भिंतीवरच्या टीव्हीला आवाजाचे यंत्र जोडताना कोणती तार कुठून कुठे न्यावी, आणि का न्यावी, हे आज आपण समजून घेऊ.

पहिला प्रश्न असा की, एवढ्या महागाच्या टीव्हीचा आवाज असा क्षीण का? याचे कारण त्याच्या सडपातळ अंगात आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हाचे आणि त्यानंतर कित्येक वर्षांचे टीव्ही म्हणजे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चांगल्या खोल पेट्या असत. त्यांत स्पीकरला जागा होती आणि त्याचे तोंड बहुधा समोर बसणाऱ्याकडे असे. आजचा टीव्ही दोन-तीन इंच जाडीचा. त्यात मावतो तो चिमुकला स्पीकर, आणि त्याचे तोंड बहुधा खाली किंवा मागे भिंतीकडे. म्हणजे बोलणारा मनुष्य आपल्याकडे पाठ करून बोलतो, तशातला प्रकार. शब्द आधी भिंतीवर आपटतात आणि मग विस्कटून आपल्याकडे येतात. आवाज वाढवला की विस्कटलेपणही त्याच्याबरोबर वाढते. तेव्हा उपाय आवाज वाढवण्याचा नाही. आवाज टीव्हीतून बाहेर काढून, ऐकणाऱ्याकडे तोंड असलेल्या स्पीकरला देणे हा खरा उपाय आहे.

आता तारांकडे वळू. जाळे कितीही गुंतागुंतीचे दिसले, तरी त्यात तारा तीनच जातींच्या असतात. पहिली जात विजेची. हिच्यातून 230 व्होल्टचा प्रवाह जातो. ही यंत्राला जेवू घालते, पण चुकले तर माणसाचा जीव घेते. दुसरी जात निरोपाची. चित्राचा आणि आवाजाचा निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेणे एवढेच हिचे काम. तीत वीज अगदी नाममात्र असते. तिसरी जात स्पीकरची. ॲम्प्लिफायरने निरोपाला बळ दिले की ते बळ स्पीकरपर्यंत पोचवणारी ही तार. या तीन जाती ओळखता आल्या आणि त्यांना आपापल्या वाटेने नेता आले, की निम्मे काम झाले.

निरोपाच्या तारेपासून सुरुवात करू, कारण घोटाळा जास्त तिथेच होतो. पुष्कळांची समजूत असते की आवाज बाहेर काढायला पुष्कळ तारा लागतात. पूर्वी लागत. लाल आणि पांढऱ्या टोकांच्या दोन तारा आवाजाच्या, पिवळी चित्राची, असा थाट असे. 2002 साली एचडीएमआय नावाच्या जोडणीचे नियम ठरले आणि चित्र व आवाज एकाच तारेतून जाऊ लागले. तिच्या टोकाला 19 बारीक पिना असतात. पण ही वाट एकेरी होती. सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीकडे जाता येई, टीव्हीकडून आवाज परत आणायचा तर दुसरी तार ओढावी लागे. 2009 साली या नियमांत सुधारणा झाली आणि त्याच तारेतून टीव्हीचा आवाज उलट खाली आणण्याची सोय झाली. या सोयीला एआरसी म्हणतात. एस. टी. जाताना माणसे नेते आणि येताना माणसे आणते, त्यासाठी दोन रस्ते बांधावे लागत नाहीत. तसेच हे.

म्हणून टीव्हीच्या मागे पाहा. एचडीएमआयची दोन-तीन भोके असतील. त्यांपैकी एकाशेजारीच एआरसी किंवा ई-एआरसी ही इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. होम थिएटरच्या मागेही तशीच अक्षरे असलेले भोक असते. ही दोन भोके एका तारेने जोडायची. शेजारच्या भोकात तार घातली, तर चित्र येईल, पण टीव्हीचा आवाज खाली उतरणार नाही. दुकानदाराकडे "यंत्र बिघडले" म्हणून जी तक्रार जाते, तिचे मूळ कैक वेळा एवढेच असते. तार जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेरच्या यंत्राकडे वळवावा आणि सीईसी नावाची सोय चालू करावी. ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते. ती चालू झाली की टीव्हीच्याच रिमोटने होम थिएटरचा आवाज कमीजास्त होतो. दोन रिमोट सांभाळण्याचा त्रास घरातल्या म्हाताऱ्या माणसांना राहत नाही.

यंत्र जरा जुने असून एआरसी नसेल, तर दुसरी वाट प्रकाशाच्या तारेची. हिला ऑप्टिकल म्हणतात. आत तांबे नसते. प्लॅस्टिकचा पारदर्शक धागा असतो आणि त्यातून लाल उजेडाच्या लुकलुकण्याने आवाजाचा निरोप जातो. शिक्षकांनी ही तार मुलांना जरूर दाखवावी. एक टोक टीव्हीत घालून दुसरे टोक तळहातासमोर धरले की लाल ठिपका दिसतो. टोकाला डोळा मात्र लावू देऊ नये. या तारेचा मोठा गुण असा की तिच्यातून वीज वाहतच नाही. त्यामुळे एका यंत्रातला विजेचा दोष तिच्यामार्फत दुसऱ्या यंत्रात जात नाही. अवगुण असा की ती घडी करून मोडली तर आतला धागा तडकतो आणि निरोप थांबतो. वळण द्यायचे, तर निदान बांगडीएवढे गोल द्यावे.

आणि यंत्र अगदीच जुने असले, गावातल्या कारागिराने जोडून दिलेला ॲम्प्लिफायर असला, त्याला लाल-पांढरी भोकेच असली, तर? तेही टाकून देण्याचे कारण नाही. टीव्हीला हेडफोनचे भोक असेल, तर तिथून लाल-पांढऱ्या टोकांची तार ॲम्प्लिफायरच्या मागे 'इनपुट' लिहिलेल्या भोकांत न्यावी. हेडफोनचे भोक नसून ऑप्टिकलच असेल, तर मध्ये एक लहानशी डबी लागते. ती उजेडाच्या निरोपाचा पुन्हा विजेचा निरोप करते. दुकानात तिला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर म्हणतात. ती बसवल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार 'पीसीएम' असा ठेवावा. तसे न केल्यास कित्येकदा काहीच ऐकू येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या तारा कशाला, ब्लूटूथने बिनतारी जोडले तर? जोडता येते. पण त्यात आवाजाला पोचायला थोडा उशीर होतो. टीव्हीवर एका सेकंदात 25 चित्रे सरकतात, म्हणजे एक चित्र सेकंदाचा पंचविसावा भाग टिकते. ब्लूटूथचा आवाज कित्येकदा तीन-चार चित्रांइतका मागे राहतो. ओठ आधी हलतात, शब्द मागाहून येतो. गाणी ऐकायला हे चालेल, पण ओठांच्या हालचालीवरून शब्द पकडणाऱ्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा त्यात पुरता गोंधळ उडतो. आणि बिनतारी स्पीकरलाही विजेची तार लागतेच, हे विसरू नये.

तार कोणती ते ठरले. आता तिची वाट. आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा: आधी वाट, मग तार, आणि टीव्ही सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते. टीव्ही विकत घेतला त्याच दिवशी कंपनीचा माणूस येतो, चार भोके पाडतो, टीव्ही टांगतो आणि निघून जातो. मग तारा आठवतात.

तारेची लांबी नजरेने ठरवू नये. समजा, टीव्हीच्या मागच्या भोकापासून चार फूट खाली यायचे आहे, तिथून सहा फूट बाजूला जायचे आहे आणि दोन फूट वर कपाटात चढायचे आहे. हे झाले बारा फूट. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट सैल हवे, म्हणजे पंधरा फूट, सुमारे साडेचार मीटर. तेव्हा पाच मीटरची तार घ्यावी. सरळ रेषेत मोजणारा तीन मीटरची आणतो आणि मग ती ताणून बसवतो. ताणलेल्या तारेचे टोक भोकातून हळूहळू तिरके होते आणि चित्र अधूनमधून जाऊ लागते. मात्र एचडीएमआयची साधी तांब्याची तार पाच मीटरपेक्षा फार लांब नेऊ नये. अंतर वाढले की आजकालच्या बारीक चित्राचा निरोप तिला झेपत नाही. म्हणून यंत्राचे कपाट टीव्हीच्या जवळच ठेवण्यात शहाणपण आहे. लांब न्यायच्या असतील, तर त्या स्पीकरच्या तारा न्याव्यात.

तारा भिंतीवरून न्याव्यात की भिंतीतून? घर जुने असेल, भिंत पक्की झालेली असेल, तर भिंतीवर प्लॅस्टिकची पट्टी मारून तिच्या आत तारा घालणे हा उत्तम मार्ग. पट्टी दिसते, हे खरे. पण ती उघडता येते, तार बदलता येते, उंदराने कुरतडले तर कळते. घर नवीन बांधत असाल, किंवा शाळेची खोली दुरुस्तीला काढली असेल, तर गिलाव्यापूर्वीच भिंतीत पाइप बसवावेत. इथे एक चूक सर्रास होते. बत्तीच्या वायरिंगसाठी 20 किंवा 25 मिलिमीटरचा पाइप वापरतात, तोच इथेही घालतात. एचडीएमआयच्या टोकाचे डोके अंगठ्यापेक्षा रुंद असते, ते त्यातून वळणार नाही. आणि हे टोक कापून पुन्हा घरी जोडता येत नाही. म्हणून निरोपाच्या तारांसाठी 40 मिलिमीटरचा पाइप घ्यावा, काटकोनी सांधा न घालता मोठे गोल वळण द्यावे, आणि आत एक मजबूत नायलॉनची दोरी ओढून ठेवावी. आज ना उद्या तार बदलावी लागेल, तेव्हा हीच दोरी नव्या तारेला ओढून आत नेईल. आजची तार दहा वर्षे पुरेलच असे नाही. पाइप मात्र घराइतका टिकतो.

विजेची तार या पाइपात कधीही घालू नये. तिचा पाइप वेगळा, आणि दोहोंत निदान एक फुटाचे अंतर. शेजारी-शेजारी लांबवर नेल्या, तर विजेच्या तारेची सेकंदाला 50 वेळा होणारी धडधड आवाजाच्या तारेत उतरते आणि स्पीकर गुणगुणू लागतो. एकमेकींना ओलांडायचेच असेल, तर काटकोनात ओलांडावे. गुणगुण हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की विजेच्या तारेचे वेष्टन उंदराने खाल्ले किंवा उन्हाने तडकले, तर 230 व्होल्टचा प्रवाह निरोपाच्या तारेत शिरून हातात धरायच्या यंत्रापर्यंत पोचू शकतो.

टीव्हीबरोबर येणारी विजेची मऊ तार भिंतीत पुरणे हीही तशीच घातक चूक आहे. ती तार उघड्यावर राहण्यासाठी केलेली असते. गिलाव्यात गाडली की आत काय झाले ते दिसत नाही. टीव्हीच्या मागेच तीन पिनांचा सॉकेट बसवून घ्यावा. तो ब्रॅकेटच्या आड येणार नाही, अशा बेताने बसवावा. त्याचे बटण मात्र खाली, उभ्या माणसाचा हात सहज पोचेल अशा जागी ठेवावे. रात्री-अपरात्री धूर निघाला, तर टीव्हीमागे हात घालण्याची वेळ कोणावर येऊ नये. हे सारे विजेचे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. निरोपाच्या आणि स्पीकरच्या तारा यंत्रे बंद ठेवून तुम्ही स्वतः जोडा, त्यात धोका नाही.

आता त्या मोठ्या पिनेची गोष्ट. तीन पिनांच्या प्लगात वरची पिन जाड आणि लांब असते, ती अर्थिंगची. तिच्यातून रोज काहीच वाहत नाही, म्हणून ती निरुपयोगी वाटते. तिचे काम अपघाताच्या दिवशी आहे. यंत्रात एखादी तार सुटून पत्र्याच्या पेटीला लागली, की वीज त्या पेटीत येते. अर्थिंग असेल तर ती वीज झटकन जमिनीत उतरते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर ती वीज वाट पाहत बसते. ओल्या पायाने, सारवलेल्या जमिनीवर उभा राहून कोणी त्या पेटीला हात लावला, की ती त्याच्या अंगातून जमिनीत जाते. आणि तारांनी जोडलेल्या यंत्रांत धोका एकाच पेटीपुरता राहत नाही. तांब्याच्या निरोपाच्या तारांनी सर्व पेट्यांची अंगे एकमेकांना जोडलेली असतात. एक पेटी बिघडली, तर वीज टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सवर, कुठेही प्रकट होऊ शकते. म्हणून तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्याच सॉकेटात घालावा. पिन मोडू नये, तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारे जोड वापरू नयेत. घराच्या मेन बोर्डावर 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी बसवून घ्यावी. वीज वाट चुकून माणसातून जाऊ लागली, तर ही कळ क्षणात प्रवाह तोडते. तिच्यावर एक तपासणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून कळ पडते की नाही ते पाहावे. पडली नाही, तर वायरमनला बोलवावे.

मग गुणगुण कशी घालवायची? ती येते कुठून ते पाहू. डिशची किंवा केबलची तार बाहेरून येते, आणि तिचे वरचे जाळीदार वेष्टन कुठेतरी दूर जमिनीला जोडलेले असते. आपला ॲम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. या दोन जमिनी तंतोतंत सारख्या नसतात. त्यांच्यातल्या फरकाने आवाजाच्या तारेच्या वेष्टनातून बारीकसा प्रवाह वाहू लागतो, तीच ही गुणगुण. खात्री करायची असेल, तर सर्व यंत्रे बंद करून डिशची तार सेट-टॉप बॉक्सपासून सोडवा आणि यंत्रे पुन्हा चालू करा. गुणगुण थांबली, तर कारण सापडले. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि होम थिएटर या सर्वांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर आवाज ऑप्टिकल तारेने न्यावा. तिच्यातून वीजच जात नसल्यामुळे त्या वाटेने येणारी गुणगुण तुटते. पिनेला हात लावण्याची गरज पडत नाही.

स्पीकरच्या तारेबद्दल दुकानात पुष्कळ गप्पा चालतात, सोन्याची टोके दाखवतात. आपण साधे गणित करू. शिक्षकांना ते फळ्यावर मांडता येईल. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची तार सुमारे 0.0172 ओहम विरोध करते. स्पीकर 10 मीटरवर असेल, तर प्रवाहाला जाऊन परत यायचे असते, म्हणजे 20 मीटर. तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची घेतली, तर विरोध सुमारे 0.69 ओहम होतो. 4 ओहमच्या स्पीकरला दिलेल्या बळातले जवळजवळ 15 टक्के वाटेतच खर्च होते. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची घेतली, तर विरोध 0.23 ओहम आणि खर्च साडेपाच टक्क्यांच्या आत. तेव्हा घराला किंवा वर्गाला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरे. याहून महाग तारेला पैसे घालवण्याचे कारण नाही. तेच पैसे अर्थिंगला घालावेत.

मात्र स्पीकरच्या तारेत एक शिस्त पाळावी. लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका स्पीकरचे उलटे लागले, तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्या क्षणी दुसरा मागे ओढतो. दोघांचे काम एकमेकांत जिरते, आवाज पोकळ वाटतो, ढोलकीचा घुमार नाहीसा होतो. तारांवर खूण नसेल, तर तार ॲम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. स्पीकरचा पडदा बाहेर आला, तर सेलचे अधिक टोक ज्या तारेला लागले ती लाल समजावी. शाळेच्या मैदानातले कर्णे मात्र घरगुती ॲम्प्लिफायरला जोडू नयेत. लांब तारेवर चालणाऱ्या अशा कर्ण्यांत बहुधा एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यांचा ॲम्प्लिफायर वेगळ्या जातीचा असतो.

होम थिएटरवर 5.1 असे लिहिलेले असते, म्हणजे पाच स्पीकर आणि घुमाऱ्यासाठी एक मोठा डबा. त्यांपैकी मधला स्पीकर बोलण्याचा. तो टीव्हीच्या लगत खाली, बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून ठेवावा. बोलणे नीट कळत नसेल, तर सगळा आवाज न वाढवता सेटिंगमध्ये या एकट्याचाच वाढवावा. आजीची तक्रार पुष्कळशी इथेच मिटते. डावा आणि उजवा टीव्हीच्या दोन बाजूंना, आणि उरलेले दोन ऐकणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे. दहा बाय बाराच्या खोलीत मागच्या दोन स्पीकरांवाचून काही अडत नाही. त्यांच्या तारा उंबऱ्यावरून आणि सतरंजीखालून नेऊन कोणी अडखळून पडण्यापेक्षा ते न लावलेले बरे. वर्गातही पुढचे तीन पुरेत. होम थिएटर चालू असताना टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद ठेवावा. नाहीतर एकच शब्द दोन ठिकाणांहून, मागेपुढे येतो.

एवढे करूनही आवाज घुमत असेल, तर दोष तारांचा नाही, खोलीचा आहे. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'झिंग' असा ध्वनी रेंगाळला, तर समजा की गुळगुळीत भिंती आणि पत्र्याचे छप्पर शब्द परत फेकत आहेत. खिडकीला जाड पडदा लावा, जमिनीवर सतरंजी घाला, मागच्या भिंतीला गोधडी टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. फरक तुमच्याच कानांना कळेल.

टीव्ही टांगण्यापूर्वी भिंतीचीही परीक्षा करावी. पक्क्या विटेची किंवा काळ्या दगडाची भिंत भार पेलते. कोकणातला जांभा सच्छिद्र असतो, त्यात भोक सैल पडते, तिथे लांब फास्टनर लागतात. मातीच्या भिंतीवर टीव्ही टांगूच नये, टेबलावर ठेवावा. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, ती भिंत टाळावी. भिंत पसंत पडली, म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, होम थिएटर आणि स्पीकर हे सर्व प्रथम जमिनीवर सतरंजी अंथरून मांडावे, भिंतीत जाणार त्याच तारांनी जोडावे आणि तासभर चालवून पाहावे. खराब तार, चुकीचे भोक, गुणगुण, जे काही असेल ते इथेच उघडकीला येईल. मग तारा पाइपात जाव्यात, दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी चिकटवून कोणती तार कोणती ते लिहावे, पाणसळ लावून ब्रॅकेट बसवावे, आणि दोघांनी मिळून टीव्ही उचलावा.

शेवटी वळवाच्या दिवसांची एक सूचना. ढग गडगडू लागण्यापूर्वीच सर्व प्लग काढावेत आणि डिशची तारही सोडवून ठेवावी. वीज छपरावरच्या छत्रीतून शिरली, तर नुसते बटण बंद केल्याने ती थांबत नाही. तारांनी जोडलेली सगळी यंत्रे एकदम निकामी होतात. मात्र गडगडाट डोक्यावर आला असेल, तर तारांना हात न लावता दूर राहावे.

1956 साली पुणे भागातल्या पाच जिल्ह्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोत्यांची मंडळे चालवली होती. गावकरी रेडिओभोवती जमत, ऐकत आणि मग ऐकलेल्यावर चर्चा करीत. ऐकू आले तरच चर्चा होते, हे तेव्हाही खरे होते आणि आज टीव्हीसमोरही खरे आहे. ज्या शिक्षकांच्या वर्गात टीव्ही आहे, त्यांनी एक दिवस धडा लावून स्वतः शेवटच्या रांगेत मुलांबरोबर खाली बसावे आणि ऐकावे. शब्द न् शब्द कळला, तर ठीक. न कळल्यास दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या मागे एआरसीचे भोक शोधण्यापासून सुरुवात करावी.